चाळीस टक्के कशाचे?

आठ वर्षं एकाच कंपनीत काढली की इंटरव्ह्यू नावाचा प्रकार असतो हेच माणूस विसरून जातो. मी शेवटचा इंटरव्ह्यू दिला तेव्हा फ्रेशर होतो, कॉलेजच्या प्रोजेक्टवर दोन प्रश्न विचारले आणि घेऊन टाकलं. मग आमचं प्रॉडक्टच बंद करायचं ठरलं, टीम मोडली, दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि आपण परत त्याच खुर्चीत. माझं काम डेटाबेस आणि बॅकएंड सपोर्टचं. म्हणजे सिस्टीम स्लो झाली, रात्री आपोआप चालणारा जॉब फेल गेला, दोन रिपोर्टचे आकडे जुळेनात, की ज्याला झोपेतून उठवतात तो मी. काम येत होतं हो. ते सांगता येत नव्हतं, आणि हे मला पहिला इंटरव्ह्यू हातचा जाईपर्यंत कळलंच नाही.

पहिल्याची तयारी मी बोर्डाच्या परीक्षेसारखी केली. 'टॉप २०० प्रश्न' छाप याद्या उतरवून घेतल्या, जॉइनचे प्रकार, इंडेक्सचे प्रकार, नॉर्मलायझेशन, एसीआयडी म्हणजे काय, सगळं रट्टा मारून पाठ. रोज रात्री दोन तास. आणि प्रत्यक्षात काय झालं, तर समोरच्या बाईंनी त्या दोनशेतला एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी माझा रेझ्युमे उचलला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे लिहिलंय, रिपोर्टिंगचा परफॉर्मन्स ४० टक्क्यांनी सुधारला. ४० टक्के कशाचे?"

मी म्हटलं, स्पीडचे.

"म्हणजे कितीवरून किती?"

आता ती ओळ मी तीन-चार वर्षांपूर्वी अप्रेझलच्या वेळी लिहिलेली, तिथून कॉपी होत होत रेझ्युमेत आलेली. कितीवरून किती ते मला आठवतच नव्हतं. काहीतरी पुटपुटलो की बऱ्यापैकी वेळ लागायचा, तो कमी झाला.

"यात तुम्ही नेमकं काय केलंत?"

"आम्ही क्वेरी ऑप्टिमाइझ केल्या."

"आम्ही म्हणजे कोण?"

इथे मी गप्प. बाई काही रागावल्या वगैरे नाहीत, चांगल्याच होत्या, पण त्यांनी मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या, आणि मला कळून चुकलं की गेला हा इंटरव्ह्यू. नंतरची वीस मिनिटं नुसती पार पाडली.

माझी ताई बारा वर्षं एचआरमध्ये आहे. इतके दिवस तिला विचारलं नव्हतं कारण एकतर ती लेक्चर देते आणि दुसरं म्हणजे मला वाटायचं की टेक्निकल इंटरव्ह्यूतलं तिला काय कळणार. त्या रात्री फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "तू मला आत्ता पाच मिनिटं जे सांगितलंस ना, त्यात रिपोर्ट स्लो झाला, क्वेरी बदलली गेली, मग तो फास्ट झाला, सगळं आपोआपच झालंय. तू कुठेयस त्यात?"

खरंच होतं. आपल्या बोलण्यातच ते आहे बघा, काम 'झालं', प्रॉब्लेम 'सुटला', सिस्टीम 'लाइव्ह गेली'. मी केलं म्हणायला जीभ रेटत नाही, उगाच मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं. आणि जिथे करणारा सांगावाच लागतो तिथे 'आम्ही'. रोजच्या वागण्यात हे ठीकच आहे, पण समोरच्याला 'आम्ही' नोकरीवर घ्यायचे नसतात, एकच माणूस घ्यायचा असतो, आणि त्या आम्हीमधला माझा वाटा किती हे त्याने ओळखायचं कसं?

ताईने दुसरी एक गोष्ट सांगितली जिने माझी अर्धी भीती गेली. ती म्हणाली की बऱ्याच ठिकाणी इंटरव्ह्यू घेणाऱ्यासमोर स्कोअरशीट असते, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, प्रत्येक उत्तराला १ ते ५ मार्क आणि शेजारी का दिले त्याची एक ओळ. त्यामुळे माणूस खाली बघून लिहायला लागला की त्याला कंटाळा आलाय असं धरू नकोस, लिहीत असेल तर चांगलंच, तू त्याला लिहिण्यासारखं काही दिलंस. हे शीट वगैरे उगाच नाही काढलेलं. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या दोघांनी माणसं निवडायच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून तपासलं होतं, त्यात असं निघालं की ठरवून, सगळ्यांना तेच प्रश्न विचारून घेतलेला इंटरव्ह्यू हा सुचेल ते विचारत गप्पा मारल्यासारख्या इंटरव्ह्यूपेक्षा माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज जास्त चांगला देतो. म्हणजे आपल्याला थोडा कोरडा वाटणारा इंटरव्ह्यूच खरंतर आपल्या फायद्याचा, तिथे चेहरा आणि गप्पांची हातोटी कमी चालते.

पाठांतराबद्दल तिचं मत फारच वाईट. तिने एडिसनचा किस्सा सांगितला, मला माहीत नव्हता. १९२१ मध्ये थॉमस एडिसन नोकरीला येणाऱ्या पोरांना दीडशेच्या आसपास प्रश्नांचा पेपर द्यायचा, भूगोल, इतिहास, कुठला पदार्थ कशापासून बनतो असलं काहीही, आणि तो पेपर फुटून वर्तमानपत्रात छापून आला होता. त्याच वर्षी आइन्स्टाइन अमेरिकेत आलेला, त्याला कुणीतरी त्यातलाच म्हणून ध्वनीचा वेग विचारला तर तो म्हणाला की पुस्तकात सहज सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही. आता आपण आइन्स्टाइन नाही हे मान्य, आणि जॉइनचे प्रकार यायलाच पाहिजेत हेही मान्य. पण मी दोनशे प्रश्नांना जो वेळ दिला त्याचा दहावा हिस्साही स्वतःच्या आठ वर्षांना दिला नव्हता.

मग ते काम सुरू केलं. आणि ते सगळ्यात किचकट निघालं, कारण जुन्या ऑफिसचा मेल बंद, लॅपटॉप परत दिलेला, आकडे आणायचे कुठून? जुन्या टीममधल्या एका मित्राला फोन लावला. त्याला आकडे लिहून ठेवायची सवय, त्याला अगदी तोंडपाठ. म्हणाला, अरे रात्रीचा जॉब पाच तास चालायचा आणि सकाळी आठचा रिपोर्ट दहाला जायचा, तुझ्या बदलानंतर तीन तासांवर आला, आठवत नाही का तुला?

पाचवरून तीन. बसून हिशोब केला तर वेळ ४० टक्क्यांनी कमी झाला हे बरोबर, पण मी बाईंना काय सांगितलं होतं, स्पीडचे ४० टक्के! पाच तासांचं काम तीन तासांत म्हणजे स्पीड ६७ टक्क्यांच्या आसपास वाढला की. म्हणजे मी माझंच काम कमी करून सांगितलं आणि तेही चुकीचं. डेटाबेसवाल्या माणसाने. डोक्याला हात लावला.

मग आठवत गेलं. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, महिना काढायला तारखेच्या कॉलमवर फंक्शन लावलेलं होतं, त्यामुळे त्या कॉलमवर इंडेक्स (पुस्तकाच्या मागे असते तशी सूची) असूनही डेटाबेस तो वापरत नव्हता, आख्खं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसायचा. मी फंक्शन काढून 'एक तारखेपासून पुढच्या एक तारखेच्या आधीपर्यंत' अशी सरळ रेंज टाकली. बदल एवढाच, दोन ओळींचा. पण तो सापडायला मला तीन रात्री एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा, वाचत बसावं लागलं होतं, आणि सगळे म्हणत होते सर्व्हर मोठा घ्या तेव्हा मी म्हटलं होतं की आठवडाभर थांबा. ही गोष्ट! ही मी सांगायला हवी होती, आणि मी काय सांगितलं, 'आम्ही क्वेरी ऑप्टिमाइझ केल्या'.

असे किस्से मी वहीत काढत गेलो. सात निघाले. एक हा रिपोर्टचा, एक रात्री दोनला डिस्क भरल्याचा, एक टीममधल्या भांडणाचा, एक नवीन पोराला शिकवल्याचा, आणि एक माझ्या चुकीचा, ज्यावर पुढे येतो. प्रत्येकाला अर्धं पान. परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, निघालं काय, याला स्टार पद्धत म्हणतात आणि ती सगळीकडे सांगतात, पण कुणी सांगत नाही की पहिले दोन भाग चार वाक्यांत उरकायचे असतात. माझं उलटं होतं. मी आमच्या प्रॉडक्टचा इतिहासच तीन मिनिटं सांगायचो आणि 'मी काय केलं' यायच्या आत समोरच्याचे डोळे दुसरीकडे. मग जॉबची जाहिरात समोर ठेवून त्यातल्या प्रत्येक मागणीपुढे किश्श्याचा नंबर टाकला. जिथे नंबर टाकता आला नाही तिथे बसून अभ्यास. दोनशे प्रश्नांतले चाळीसेक तेवढ्यासाठी कामाला आले म्हणा.

आणि रेकॉर्डिंग. हे ताईने सक्तीने करायला लावलं. फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. पहिल्यांदा ऐकवेना, आपला आवाज इतका रडका आहे हे कुणी कधी बोललं नाही. 'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर चार मिनिटं दहा सेकंद, त्यात 'बेसिकली' तेवीस वेळा. मोजले. दहाव्या का अकराव्या रेकॉर्डिंगला दीड मिनिटावर आलं, आत्ता काय करतो, त्याआधी काय केलं, आणि तुमच्याकडे का येतोय, बस. शाळा-कॉलेज रेझ्युमेत आहे, ते वाचून दाखवायचं नाही. एक गंमत म्हणजे किस्सा आधी मराठीत ताईला सांगितला आणि मग इंग्रजीत रेकॉर्ड केला की चांगला यायचा. थेट इंग्रजीत सुरू केलं की मी परत रेझ्युमेची भाषा बोलायला लागायचो.

एवढं करून दुसरा इंटरव्ह्यू पण गेला.

तो व्हिडिओवर होता. लॅपटॉप पुस्तकांच्या चवडीवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणला, उजेड समोरून घेतला, चार्जर लावला, नेट गेलं तर म्हणून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवला, नोटिफिकेशन बंद केली, सगळं करून दहा मिनिटं आधी जॉइन झालो आणि समोरचे दोघं आल्या आल्या हसायला लागले. माझ्या चौकटीखाली नाव होतं 'शॅडो किंग ९९'. भाच्याने आदल्या दिवशी माझा लॅपटॉप घेतला होता. "मामा, मी परत बदलणारच होतो" हे नंतरचं. पण खरं सांगू, त्यामुळे नाही गेला तो, त्यामुळे उलट वातावरण जरा सैल झालं होतं. गेला तो माझ्या सात किश्श्यांमुळे. ते मी इतके घोटले होते की आता तेच पाठांतर झालं होतं. रिपोर्टचा किस्सा सांगताना त्यातल्या एकाने मध्येच थांबवून विचारलं की हा बदल लाइव्ह करताना तुम्ही काय काळजी घेतली, आणि माझी गाडी रुळावरून जी उतरली ती उतरली. मला पुढचं वाक्य माहीत होतं, आणि प्रश्न त्या वाक्याचा नव्हता. ततपप करून परत पहिल्यापासून सुरू केलं मी, शाळेत कविता विसरल्यावर करतात तसं.

त्यानंतर वहीतली अर्धी-अर्धी पानं फाडली. प्रत्येक किश्श्याचे फक्त पाच-सहा शब्द ठेवले, पाच तास, तीन तास, फंक्शन, प्लॅन, सर्व्हर नको, असे. आणि ताईला सांगितलं की मला मध्येच तोड. तिने ते फारच मनापासून केलं. तोडलं की आधी प्रश्नाचं उत्तर द्यायचं, एका वाक्यात, आणि मगच हवं तर किश्श्यावर परत यायचं, नाहीतर सोडून द्यायचा. सोडून देणं हे जास्त अवघड जातं, इतकं छान तयार केलेलं असतं ना. दोन्ही इंटरव्ह्यूंचे आठवतील ते सगळे प्रश्नही त्याच वहीत लिहिले होते, त्याच संध्याकाळी, कारण दुसऱ्या दिवशी फक्त आपली लाज तेवढी आठवते, प्रश्न आठवत नाहीत.

तिसरा इंटरव्ह्यू समोरासमोर, तीन जण. सुरुवातीचा प्रश्न, सकाळी फोन येतो की वेबसाइट स्लो आहे, काय कराल? जुना मी लगेच इंडेक्स बघेन म्हणाला असता. मी विचारलं, कधीपासून? सगळ्यांना की काहींनाच? काल काही नवीन डिप्लॉय झालंय का? मधला माणूस म्हणाला, काल रात्री एक रिलीज गेलं, आणि फक्त सर्च स्लो आहे. मग मी मोठ्याने विचार करत गेलो, आधी हे बघेन, हे दिसलं तर तिकडे वळेन, नाही दिसलं तर हे सोडेन. दहा मिनिटं आमचं तेच चाललं होतं आणि मी विसरलोच की आपण इंटरव्ह्यूला बसलोय.

मग आयसोलेशन लेव्हल, म्हणजे एकाच वेळी चाललेली कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र बांधलेल्या कामांच्या गठ्ठ्यात) तीच क्वेरी दोनदा चालवली, दुसऱ्या वेळी जास्त ओळी आल्या, का? मला माहीत होतं की मधल्या वेळात दुसऱ्या कुणीतरी नवीन ओळ टाकून कमिट, म्हणजे पक्की केली, पण याला एक नाव आहे ते काही केल्या आठवेना. पहिल्या इंटरव्ह्यूत मी इथे फेकाफेक केली असती. म्हटलं, नाव आठवत नाहीये, पण घडतं ते असं, आणि सीरियलायझेबलला, म्हणजे सगळ्यात कडक लेव्हलला, हे होणार नाही. त्याच्या खालच्या रिपीटेबल रीडला थांबतं की नाही हे डेटाबेसप्रमाणे बदलतं असं मला वाटतं, खात्री नाही, मी दोन सेशन उघडून पाच मिनिटांत चालवून बघेन. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. नाव फँटम रीड. जिना उतरताना आठवलं, अर्थातच. घरी येऊन बघितलं तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रिपीटेबल रीडलाच ते थांबतं, एसक्यूएल या क्वेरीच्या भाषेच्या स्टँडर्डमध्ये मात्र तेवढी सक्ती नाही, म्हणजे माझा अंदाज बरोबर होता.

आणि स्वतःच्या चुकीबद्दलचा प्रश्न आला. मी सांगितलं की एकदा टेस्ट समजून लाइव्ह डेटाबेसवर अपडेट चालवला, वेअर, म्हणजे कुठल्या ओळी बदलायच्या ती अट, न लिहिता. आख्ख्या टेबलचं स्टेटस एकच झालं. पहिल्या दोन मिनिटांत मॅनेजरला फोन केला, लपवलं नाही, मग बॅकअपवरून टेबल परत आणलं, मधल्या तासाभरातल्या नोंदी लॉगवरून हाताने भरल्या. तेव्हापासून लाइव्हला मी आधी ट्रान्झॅक्शन उघडतो, त्याच कंडिशनने किती ओळी येतात ते मोजतो, मगच अपडेट, आणि लाइव्हच्या विंडोचा रंग लाल करून ठेवलाय. तिघांपैकी सगळ्यात कोरडा चेहरा ज्यांचा होता ते म्हणाले, "लाल? मी पण." मी 'खूप परफेक्शनिस्ट आहे' हे उत्तर पहिल्या इंटरव्ह्यूत दिलं होतं, आता आठवलं तरी कसंतरी होतं.

शेवटी काही विचारायचंय का म्हटल्यावर दोन प्रश्न विचारले, ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलं, आणि पहिल्या तीन महिन्यांत या माणसाकडून तुम्हाला काय हवंय. दुसऱ्याच्या उत्तरावर तिघांचं एकमत नव्हतं, ते आपापसातच बोलायला लागले, आणि मला आतल्या कामाची त्यातून जेवढी कल्पना आली तेवढी वेबसाइट वाचून आली नव्हती.

पगाराचं फोनवर झालं. आकडा विचारल्यावर मी आधी त्यांची रेंज विचारली, मोठ्या मुश्किलीने, घशाला कोरड पडली होती. रेंज कळली, मी तिच्या वरच्या टोकाजवळचा आकडा सांगितला आणि गप्प बसलो. ते गप्प बसणं मला पूर्ण तयारीतलं सगळ्यात कठीण गेलं. दोन दिवसांनी थोडा खालचा आकडा आला, मी हो म्हटलं. अजून ताणता आलं असतं असं ताई म्हणते, असेल.

जॉइन झाल्यावर पंधरा दिवसांनी त्या जुन्या मित्राचा फोन, त्यालाही इंटरव्ह्यूचा कॉल आलेला, म्हणाला रेझ्युमे बघ जरा. उघडला तर तिसरी ओळ, रिपोर्टिंगचा परफॉर्मन्स ४० टक्क्यांनी सुधारला.

"अरे, हे माझं आहे."

"आपलंच की. टीमने केलं ना."

म्हटलं, तू जे केलंस ते लिही ना. रोजचे टायमिंग तू लिहून ठेवत होतास म्हणून तर पाच तासांचे तीन झाले हे सिद्ध करता आलं, आणि बदल लाइव्ह जायच्या आधी जुन्या आणि नव्या रिपोर्टचा एकूण एक आकडा तू जुळवून बघितलास, पाच वर्षांचा डेटा, दोन शनिवार बसून. मला विचारलं होतं त्यांनी, लाइव्ह करताना काय काळजी घेतली म्हणून. ती काळजी म्हणजे तू होतास.

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "ते काय लिहायचं त्यात, ते तर झालंच."